सोवळ्यातली पेटी

पहिल्यांदा तो बंद पडला तेव्हा माझी पत्रिका निम्मी छापून झाली होती. प्रिंटरचं डोकं करकरत डावीकडून उजवीकडे गेलं आणि मधेच थबकलं. पडद्यावरची बारा घरं एका ठिपक्यात गोळा झाली, मग ठिपकाही गेला. विष्णुगुरुजींच्या ओसरीवर सगळ्यांच्या नजरा वर गेल्या. आढ्याचा पंखा मात्र फिरत होता. म्हणजे लाइट गेलेले नव्हते.

"विझला," गुरुजी म्हणाले.

ते 'बंद पडला' म्हणाले असते तर पुढचं बरंचसं टळलं असतं. पण आपला संगणक समईसारखा विझतो असंच म्हणायची त्यांना सवय होती. समोर बसलेल्या रासनेवहिनींचा हात नकळत मंगळसूत्रावर गेला. होणाऱ्या सुनेची पत्रिका निम्म्यात विझली, हे कुणी उच्चारलं नाही. उच्चारायची गरजही नव्हती.

बार्शीतली गोष्ट. चैत्र उतरला होता आणि दुपारचं ऊन असं, की रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावली बघून पाय टाकत होतं. ओसरीवर आम्ही चौघं आणि गुरुजी. मी, माझे वडील अप्पा, ज्याच्याशी माझं लग्न व्हायचं होतं तो शिरीष रासने, आणि त्याची आई. आम्ही दोन्ही घरं कासार, दोघांचीही भांड्यांची दुकानं, त्यामुळे जातीपातीचा प्रश्न नव्हता. शिरीषची आणि माझी ओळख पुण्यातली. मी तिथे कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स करत होते, तो एका कंपनीत प्रोग्रॅम लिहायचा. ओळख वाढली, दोन वर्षं टिकली, आणि मग तिसऱ्याच माणसाकडून दोन्ही घरांना एकमेकांचं स्थळ सुचवून घेतलं. असं केलं की मोठ्यांना आपणच शोधलं असं वाटतं आणि कुणाचा मान जात नाही. सगळं जमत आलं होतं. फक्त पत्रिका राहिली होती. शिरीष म्हणाला होता, आईचं तेवढं समाधान करू.

आमच्या धंद्यात भांडं घेण्याआधी ते बोटाने वाजवून बघतात. कुठे चीर असली तर आवाज बद्द येतो. अप्पा माणसांनाही तसंच वाजवायचे आणि ती खोड माझ्यात उतरली होती. शिरीषला मी दोन वर्षं सगळ्या बाजूंनी वाजवून पाहिलं होतं. त्याच्या आईला मात्र त्या दिवशी प्रथमच जवळून बघत होते. ठसठशीत बाई. आल्या आल्या माझ्या हातातल्या बांगड्या मोजल्यासारख्या बघितल्या, अप्पांच्या दुकानातली गर्दी कशी असते ते विचारलं, आणि माझा पगार विचारायचा राहू नये म्हणून तोही विचारला. मला त्या आवडल्या. जे बघायचं ते उघड बघत होत्या.

गुरुजींची रीत अशी, की पत्रिका जुळवताना वधूवर समोर हवेत. कागदावर लिहिलेल्या जन्मवेळेवर त्यांचा भरवसा नव्हता. म्हणायचे, सुईणीचं घड्याळ आणि बापाची आठवण, दोन्ही पुढेमागे. गावात संगणकावर पत्रिका करणारे ते पहिले. त्याचा त्यांना अभिमान होता आणि धाकही. अभिमान पडद्याचा, धाक खालच्या पेटीचा. सगळी विद्या त्या पेटीत असते असं त्यांना विकणाऱ्याने सांगितलं होतं. तेव्हा कळफलक आणि पडदा त्यांनी लोकांच्या हाती येईल असा टेबलावर ठेवला आणि पेटी सागवानी कपाटात, देवघराला लागून, सोवळ्यात. तिच्यावर कायम धाबळी. लोकरीला विटाळ नाही, म्हणून सुती नाही, रेशमी नाही, चांगली जाड लोकरीची धाबळी, चारी बाजूंनी खोचलेली. कपाटाचं दार तेवढं काम करताना उघडत, तेही अर्धं.

हे मला आत शिरताच दिसायला हवं होतं. पण त्या दिवशी मी साडीत होते आणि दाखवायला आलेली होते. अशा वेळी मुलीने खाली बघायचं असतं.

शिरीषची पत्रिका आधी केली होती आणि ती झरझर छापून निघाली होती. त्यावर गुरुजी बराच वेळ बोलले. गुरू कुठे आहे, परदेशगमनाचा योग कसा उत्तम आहे, वगैरे. मग माझी घेतली, आणि ती विझली.

गुरुजींनी खटका दाबला. संगणक पुन्हा सुरू झाला. माझं नाव, वेळ, गाव पुन्हा घातलं. या वेळी छापणंसुद्धा सुरू झालं नाही. पडद्यावर घरं उमटता उमटता गेला.

"मुलीची वेळ बरोबर आहे ना?" गुरुजींनी विचारलं. अप्पा म्हणाले, बरोबर आहे, मी स्वतः दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि तो उन्हाचा नव्हता. मला आधी दोन स्थळं येऊन गेली होती, एकाला मी सावळी वाटले आणि एकाला शिकलेली. अप्पांनी हे तिसरं फार जपून, दोन्ही हातांनी धरून आणलं होतं.

तिसऱ्या वेळी तो नाव लिहितानाच विझला. रासनेवहिनी उठून उभ्या राहिल्या. रागावल्या नव्हत्या, भ्यायल्या होत्या. देवापुढे नारळ नासका निघावा तशा बघत होत्या माझ्याकडे. अप्पांना म्हणाल्या, "भाऊ, वाईट वाटून घेऊ नका. पण तीनदा झालं."

आता मी खाली बघायचं सोडून ऐकायला लागले होते. प्रत्येक वेळी विझायच्या आधी कपाटातून एक बारीक, चिरका आवाज येत होता, पंख्याचा, ओझं घेऊन जिना चढणाऱ्या माणसाच्या दमासारखा. आणि प्रत्येक वेळी तो आधीपेक्षा लवकर विझत होता. नशीब असं चढत्या क्रमाने वाईट होत नाही. उष्णता होते. यंत्र तापलं की जळू नये म्हणून स्वतःहून बंद पडतं; थंड न होऊ देता पुन्हा सुरू केलं की अजून लवकर बंद पडतं. हे माझ्या कोर्सच्या पहिल्या महिन्यातलं शिक्षण. पण मी बोलायचं म्हणजे गुरुजींच्या ओसरीवर, सासूसमोर, स्वतःच्याच पत्रिकेच्या बाजूने बोलायचं. मी शिरीषकडे बघितलं. तो इंजिनियर होता, मुलगा होता, आणि त्याची पत्रिका विझलेली नव्हती. तो बोलला तर ते ज्ञान ठरणार होतं. मी बोलले तर आगाऊपणा.

गुरुजींनाही तेच सुचलं. "तुम्ही शिकलेले आहात," ते शिरीषला म्हणाले, "जरा बघता का? स्नान झालंय ना?"

झालं होतं. शिरीष उठला, कपाटाशी उकिडवा बसला. प्लग हलवून पाहिला. वायर चाचपत त्याचा हात पेटीच्या मागे, धाबळीच्या आत गेला, आणि तव्याला लागल्यासारखा झटकन बाहेर आला. त्याने बोटं मुठीत मिटली, रुमालाने पुसल्यासारखं केलं आणि परत येऊन बसला.

"वायर ठीक आहे," तो म्हणाला.

"मग का विझतोय?" त्याच्या आईने विचारलं.

"काय सांगणार. होतं असं कधीकधी."

एवढंच. मी थांबले. तो अजून काही बोलेल म्हणून थांबले. तो आढ्याकडे बघत होता. मग मीच त्याची बाजू मांडून टाकली, मनातल्या मनात. प्रोग्रॅम लिहिणारी माणसं ही. यांनी पेटी कधी उघडून पाहिलेली नसते. स्वयंपाक करणाऱ्याला गॅसची टाकी कुठे जुळते हे ठाऊक असतंच असं नाही. प्रेमात माणूस दुसऱ्याच्या अडाणीपणाची किती सोय करून ठेवतो.

रासनेवहिनी चपला शोधायला लागल्या तेव्हा मी तोंड उघडलं. म्हटलं, गुरुजी, एक करून बघा. आता यांचीच पत्रिका पुन्हा घाला. तीही विझेल. म्हणजे दोष माझ्या पत्रिकेत नाही, यंत्रात आहे, हे सगळ्यांनाच कळेल.

"नको गं बाई," रासनेवहिनी चटकन म्हणाल्या. "त्याची धड आलीय, ती कशाला विझवायची?"

त्यांचंही बरोबर होतं. आपला दिवा विझवून वाऱ्याची परीक्षा कोण घेतं?

मग मी सरळ सांगितलं. पेटी तापली आहे. धाबळीमुळे तिला वारा लागत नाही, आतला पंखाही गुदमरला असणार. धाबळी काढा, मला पेटी उघडू द्या, नाही चालली तर आम्ही उठून जातो.

गुरुजींनी धाबळीचं टोक चाचपलं. त्यांचा हिशेब मला दिसत होता. पेटीला बाईचा हात लागू देणं एका पारड्यात, आणि 'गुरुजींचा संगणक अपशकुनी आहे' ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर होणं दुसऱ्या. दुसरं पारडं जड झालं. पण जाता जाता त्यांनी आपला तोल सावरलाच. माझ्याकडे न बघता, अप्पांना विचारलं, "मुलीची काही अडचण नाही ना?"

अप्पा फरशीकडे बघायला लागले. पाच माणसांत माझ्या पाळीचा प्रश्न आला आणि पाचांपैकी कुणाकडेही त्याचं उत्तर नव्हतं, माझ्याशिवाय.

"आज नाही," मी म्हटलं.

धाबळी गुरुजींनी स्वतः उचलली. पेटी ओवळी होणारच, संध्याकाळी गोमूत्र शिंपडीन, असं ते स्वतःशीच पुटपुटले. मी म्हटलं, शिंपडा, पण प्लग काढून. रासनेवहिनी त्या भीतीतही फिसकन हसल्या. आणि मी पर्समधून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला तेव्हा म्हणाल्या, "अगंबाई, आम्ही पर्समध्ये लवंगा ठेवतो."

पेटीचा पत्रा उघडला. आतून भट्टीसारखी वाफ अंगावर आली. प्रोसेसर म्हणजे त्या पेटीचा मेंदू. त्याच्या डोक्यावर धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा असतो आणि ठोकळ्यावर पंखा. मेंदूची उष्णता पात्यांत चढते आणि पंखा ती उडवून लावतो, एवढी साधी युक्ती. इथे पात्यांच्या फटी दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर करड्या लोकरीचा थर बसला होता, घोंगडीचा तुकडा कापून ठेवल्यासारखा. पंख्याने सोवळं आत ओढून घेतलं होतं, रोज थोडं थोडं. मी केसातला आकडा काढला आणि तो थर उकलायला लागले. अप्पा उठून शेजारी येऊन बसले. त्यांनी ठोकळा थंड झाल्यावर त्याला एक टिचकी मारली. "ॲल्युमिनियम," म्हणाले, "हलकं." त्यांना तेवढ्यानेही धीर आला. ओळखीचं काहीतरी आत होतं.

पंख्याच्या आसाभोवती गुंतलेले धागे निघाले तसं त्याचं पातं बोटाने ढकलताच सुळकन फिरलं. मी पत्रा उघडाच ठेवला. गुरुजींच्या आतल्या खोलीतला टेबलफॅन आणवून पेटीच्या तोंडाशी लावला. पन्हं येईपर्यंत आम्ही थांबलो. यंत्र थंड होणं भाग होतं आणि माणसांनीही झालेलं बरं. शिरीष या सगळ्या वेळात एकदाही जवळ आला नाही. मला वाटलं, लाजला. आपल्याला जमलं नाही ते होणाऱ्या बायकोला जमलं म्हणून. मी ठरवून टाकलं होतं की यावरून त्याला पुढे आयुष्यभर चिडवायचं.

मग गुरुजींनी माझं नाव घातलं. पत्रिका आली. छापली गेली. दोन्ही पत्रिका जुळवायला घातल्या तरी पेटी हूं की चूं करेना. प्रिंटरमधून कागद फाडून घेत गुरुजींनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "छत्तिसांपैकी सत्तावीस गुण. मंगळ नाही. नाडी वेगळी. डोळे मिटून करा."

अप्पांनी तो कागद हातात घेतला आणि सोडलाच नाही. रासनेवहिनी मोकळ्या हसल्या.

"मी आधीपासून म्हणत होते, पत्रिका-बित्रिका राहू द्या. पोरं एकमेकांना ओळखतात, घर माहितीतलं आहे," त्या अप्पांना म्हणाल्या. "पण यालाच हवी होती. पत्रिका बघितल्याशिवाय नको म्हणाला."

पन्ह्याचा पेला माझ्या हातात होता. तो मी खाली ठेवला. शिरीष पाणी प्यायला म्हणून उठून मागच्या पडवीत गेला. मीही गेले. सगळ्यांनी ते बघितलं आणि सगळ्यांनी समजूतदारपणे दुसरीकडे बघितलं.

तो माठाशी पाठमोरा उभा होता. मी म्हटलं, "हात दाखव."

त्याने दाखवला. तीन बोटांची टोकं लाल झाली होती.

"चटका बसला तेव्हाच कळलं होतं तुला."

"न कळायला काय. एवढी तापलेली पेटी."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने तांब्या माठावर नीट उपडा घातला. "आपोआप मोडत होतं, हेमा. तुझ्यावर काही नाही, माझ्यावर काही नाही. पेटी विझली, संपलं. तू उगाच उघडलीस."

तो हे रागाने म्हणाला नाही. हिशेबात कुणीतरी विनाकारण खाडाखोड केल्यावर माणूस म्हणतो तसं म्हणाला. कारण विचारलं तर म्हणाला, कंपनी बाहेर पाठवते आहे, तिकडे किती वर्षं काढावी लागतील सांगता येत नाही, आणि तिकडे गेल्यावर आपल्याला काय हवं असेल तेही आत्ता सांगता येत नाही. आईला नाही म्हणायला जावं तर आई तुझ्यावर खूश. पत्रिका नाही जुळली तर बरं, असं त्याला वाटलं होतं. यंत्राने त्याहून सोपं करून दिलं होतं.

"मला कधी सांगणार होतास?"

"सांगायला लागू नये म्हणून तर आलो इथपर्यंत."

मी म्हटलं, आता सांगावं लागेल. आत आई वाट बघते आहे, जा आणि सांग. तो बरं म्हणाला. त्या 'बरं'मध्ये मला अजूनही थोडी आशा होती, त्याच्याबद्दल नव्हे, त्याच्या हिमतीबद्दल. निदान नाही म्हणेल आणि आपल्या तोंडाने म्हणेल. तेवढं मला पुरलं असतं.

आम्ही ओसरीवर आलो. रासनेवहिनींनी पदर सावरला आणि अप्पांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्याकडून होकार आहे. मुलगी हिकमती आहे. मिक्सर-फॅन बाहेर दुरुस्तीला द्यायची तरी कटकट मिटली. शिरीष, तुझं काय?"

शिरीषने माझ्याकडे बघितलं. अगदी मवाळ बघितलं.

"माझं काय विचारता," तो म्हणाला. "हेमलताला विचारा. तिची इच्छा महत्त्वाची."

गुरुजींनी मान डोलावली. अप्पांचे डोळे भरून आले. त्यांच्या बहिणींना, त्यांच्या आईला, माझ्या आईला, कुणाला कधी कुणी विचारलं नव्हतं. रासनेवहिनी लेकाकडे अशा कौतुकाने बघत होत्या, की हा माझ्याच पोटचा का, असा त्यांनाच प्रश्न पडावा. आणि मला दिसलं की त्याने पेटी पुन्हा बंद केली आहे, बाहेरून, आणि किल्ली माझ्या हातात दिली आहे. हो म्हटलं तर नको असलेल्या माणसाच्या घरी जायचं. खरं सांगितलं तर तो म्हणणार, मी कुठे नाही म्हणालो, चारचौघांत तिलाच तर विचारलं. चटका बसलेला हात त्याने खिशात घातला होता.

"माझ्याकडून नाही," मी म्हटलं.

कुणाला ऐकू गेलं नाही असं वाटलं, म्हणून मी पुन्हा म्हटलं. रासनेवहिनींचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. पुढचं त्या शांतपणे बोलल्या आणि म्हणून जास्त लागलं. म्हणाल्या, मुलीला एवढंच करायचं होतं तर आमच्या पोराचा वेळ कशाला घेतला, आणि पेटी कशाला दुरुस्त केली, विझू द्यायची होती. शिरीष आईला म्हणाला, असू दे, तिला काही बोलू नको. हेही सगळ्यांनी ऐकलं. पुढे कितीतरी दिवस बार्शीत त्याची तारीफ चालली होती: मुलीची इच्छा विचारणारा मुलगा, नकार मिळाला तरी अवाक्षर न काढणारा.

घरी जाताना अप्पा रस्त्याच्या कडेकडेने चालत होते, दुकानांच्या सावलीतून. तो सत्तावीस गुणांचा कागद त्यांनी घडी न घालता हातात धरला होता, शाई पुसली जाऊ नये म्हणून. बाजारपेठ मागे पडली. मग म्हणाले, "का गं?"

मी काय सांगणार होते? सगळं सांगितलं असतं तर ते त्याच पावली उलटे फिरले असते, रासन्यांच्या दारात उभे राहिले असते, भांडले असते, आणि तिथेही त्यांना उत्तर मिळालं असतं की तुमच्याच मुलीने नाही म्हटलं. मी त्यांना जेवढं डोळ्यांनी बघितलं होतं तेवढंच सांगितलं.

"त्याचा हात भाजला होता, अप्पा. तिथेच, पेटीवर. तरी तो गप्प बसला."

अप्पा थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या कागदाकडे.

"मग?" ते म्हणाले. "सोशिकच आहे की तो."